आगीपुढची आईची जागा

आईची मागणी एका ओळीत मावणारी होती. तिला आग जवळून बघायची होती.

आग म्हणजे गॅसची नव्हे. माणसं मुद्दाम जमून पेटवतात, भोवती गोल करून उभी राहतात, ती मोठी आग. आणि तीही लोकांच्या पाठीमागून टाचा उंचावून नाही, सगळ्यांच्या पुढे उभं राहून.

मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या माझ्या फ्लॅटच्या ओट्याशी भेंडी चिरता चिरता तिने हे सांगितलं आणि मी तिथल्या तिथे फेटाळलं. "आई, आपण असलं काही करत नाही."

"आपण म्हंजे कोण?" ती म्हणाली. "मले कोणी इचारलं?"

झालं होतं असं. अल हैलला मला पोहायला शिकवणाऱ्या बाई स्वीडनच्या आहेत. साठीच्या पुढच्या, खांद्याने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद. विदर्भातल्या कोरड्याठाक तालुक्यात वाढलेल्या मला, वय वाढून बसल्यावर, पाण्यावर पाठ टाकून आकाशाकडे बघायला त्यांनी शिकवलं. शिक्षिकेला बाई म्हणायची आपली सवय, म्हणून मी त्यांना बाईच म्हणते. आई त्यांना पाणीवाली बाई म्हणते. आई व्हिजिट व्हिसावर आली होती, आठवड्याच्या शेवटी तिचं परतीचं विमान होतं, आणि माझ्या पोहण्याच्या वेळी ती काठावर खुर्ची टाकून, पदर खोचून, जणू मी बुडालेच तर तीच उडी मारणार आहे अशा तयारीत बसायची.

त्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना आमंत्रण दिलं. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी या. आमच्याकडे त्या दिवशी वसंताचं स्वागत करतात, वालबोर्ग म्हणतात त्याला. मोठी आग पेटवतात, गाणी म्हणतात, कॉफी पितात.

"वसंताचं?" मी म्हणाले. "बाई, बाहेर चाळीस अंश आहे."

"म्हणून तर संध्याकाळी ठेवलंय," बाई म्हणाल्या.

हसावं की भांडावं मला कळेना. इथला वसंत कधीच खलास झालेला. गाडीचं स्टिअरिंग धरायला रुमाल लागतो, बाथरूमच्या थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं, दुपारी बौशरच्या ऑफिसातून पार्किंगपर्यंत चालत जायचं तर माणूस आधी मनाची तयारी करतो. आणि या लोकांना आग पेटवून ऋतूचं स्वागत करायचंय!

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता, आणि आग म्हटलं की तो मी विचारतेच. "त्या आगीत जाळता कोणाला?"

"कोणालाच नाही. फांद्या जाळतो."

"कशासाठी?"

"हिवाळा संपला की लोक गुरं रानात सोडायचे. लांडग्यांनी लांब राहावं म्हणून आग."

"एवढंच?"

खोटं बोलणं बाईंना जमत नाही. माझं पोहणं बघून त्या कधीच 'छान' म्हणालेल्या नाहीत. "आणि चेटकिणींना पळवून लावायला, असंही म्हणतात. जुनी गोष्ट आहे."

"झालं!" मी पाण्यात उभ्या उभ्या ओरडले. "पृथ्वीच्या त्या टोकालाही बाईच!"

काठावरच्या लाइफगार्डने शिट्टी मारली. त्याला वाटलं, मी बुडतेय.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, हे इथे सांगायला हवं. अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही एक पानी पत्रकं लिहायचो, झेरॉक्स काढायचो आणि चौकात उभं राहून वाटायचो. आमचे नियम कडक होते. पहिल्या ओळीत मागणी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते, मधे रडगाणं नाही. दर होळीला आमचं एक पत्रक ठरलेलं असायचं. बाई जाळायची आणि भोवती नाचायचं, याला सण म्हणणाऱ्यांनी एकदा तरी स्वतःला विचारावं, ही झाली आताची, निवळलेली आवृत्ती. मूळ आवृत्ती छापण्यासारखी नव्हती. त्या पत्रकापायी मी शिव्या खाल्ल्या, एकदा अंगावर रंगाची बादलीही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रंगीत कपड्यांत पुन्हा त्याच चौकात उभी राहिले. तेव्हा जे म्हणत होते ते मी आजही म्हणते. त्यात एक शब्द बदलायला तयार नाही.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. पाण्यात उभं राहून, हातवारे करून मी त्यांना होळीची गोष्ट सांगितली, आमचं पत्रक सांगितलं, चेटकिणींबद्दल माझा निषेध नोंदवला. त्या म्हणाल्या, "मग हेच बोल ना. आग पेटवण्याआधी आमच्याकडे कोणीतरी वसंताला उद्देशून भाषण करतं. या वर्षी तू कर."

आणि इथे मी विरघळले. लाज वाटत नाही सांगायला. दोन वर्षं मी मस्कतला होते आणि दोन वर्षांत मला एकदाही चार माणसांसमोर उभं राहून बोलायला मिळालं नव्हतं. इथे चौकात पत्रक वाटता येत नाही. परवानगीशिवाय काहीच वाटता येत नाही. माझा सगळा संताप बिल्डिंगच्या ग्रुपवर लिफ्टच्या तक्रारी लिहिण्यात जिरत होता. कधी कधी तर त्या तक्रारींनाही मी 'आमच्या मागण्या' असं शीर्षक द्यायचे. भाषण! आग, माणसं, समोर उभं राहून भाषण! मी घरी जाईपर्यंत गाडीत पहिला परिच्छेद मोठ्याने म्हणून झाला होता.

आणि त्याच संध्याकाळी भेंडी चिरताना आईने तिची मागणी मांडली.

"तू जाणार आन् मी नाही? मंग तू कायले जातं?"

"मी विरोध करायला जाते, आई. तिथे बोलायला."

"मंग मीबी इरोध कराले येतो," आई म्हणाली. "जवळून."

मग सुरी बाजूला ठेवून तिने मला ते सांगितलं, जे मी याआधी तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं आणि कधी नीट जोडलं नव्हतं. तिच्या गावात होळी मारुतीच्या पारासमोर व्हायची. आमच्या वस्तीतली पोरं दुपारभर डोक्यावरून गोवऱ्या वाहायची, शेतातल्या तुरीच्या काड्या वाहायची. तीही वाहायची. ढीग रचून झाला, अंधारून आलं, की कोणीतरी म्हणायचं, झालं, निघा आता. मग ती एका गोठ्याच्या भिंतीआड उभी राहायची. तिथून आग दिसायची नाही. आगीचा उजेड पडलेल्या लोकांच्या पाठी दिसायच्या. घरी आलं की तिचा बाप रागवायचा. त्याने तरुणपणीच धम्म घेतलेला, पक्का माणूस. तिकडं पाहाचंबी नाही, आपला सण नाही थो.

"गावानं नाही म्हटलं," आई म्हणाली. "मंग बापानं नाही म्हटलं. आता तू म्हण."

एवढी पत्रकं लिहिली मी. आता घरच्या ओट्याशी अटी घालायला लागले.

"ही होळी नाहीये म्हणून चालेल," मी म्हणाले. "कोणाची पूजा नाही, कोणाला जाळत नाहीत. पण तिथे होळीसारखं काही दिसलं तर आपण परत फिरायचं. लगेच. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली आणि पुन्हा भेंडीला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "कोणतं लुगडं नेसू?"

आता चाचा. बाईंच्या घराजवळ त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. रत्नागिरीकडचे, केस पांढरे होईपर्यंत ओमानात राहिलेले, त्यामुळे मराठीत कोकण आणि कोकणात अरबी असं त्यांचं बोलणं. त्यांच्या अर्बाबची, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आहे त्या ओमानी मालकाची, अल हैलच्या मागे खजुराची बाग आहे. दर वर्षी झाडांची छाटणी झाली की वाळलेल्या झावळ्यांचे ढीग पडतात. आधीच्या वर्षी बाईंनी त्यातल्याच थोड्या झावळ्या मागून छोटीशी आग केली होती. या वर्षी चाचा म्हणाले, तुम्ही कशाला दगदग करता, मी रचून ठेवतो, अर्बाब परवानगीचं बघेल, पाण्याचा टँकर मी उभा करतो, तुम्ही फक्त या. इन्शाल्ला असा ढीग रचतो की बघत राहाल.

बघत राहिले मी.

बागेच्या कडेच्या मोकळ्या रेतीवर झावळ्यांचा भलामोठा शंकू रचलेला होता. आणि त्याच्या मधोमध खजुराचं एक आख्खं खोड, उभं, सरळ, झावळ्यांच्या वर वर गेलेलं. त्याच्या टोकाला झेंडूची माळ. बुंध्याशी रेतीचा एक चौकोन सारवल्यासारखा सपाट केलेला, नारळ ठेवायला करतात तसा.

चाचा बाजूला उभे होते. नवीन डिशडाशा, म्हणजे इथला घोट्यापर्यंतचा झगा, टोपी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "काय गो पोरी, कसा झालाय?"

"चाचा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? आमच्या गावात शिमग्याला असाच उभा करतात. लहानपणापासून बगतोय मी. मधे झाड नाय तर ती होळी कसली?"

"चाचा, ही होळी नाहीये!"

"आग हाय ना? लाकडं हायत ना? लोकं जमणार ना?" चाचांनी दोन्ही हात पसरले. "मग काय हाय? बारसा हाय?"

"हे स्वीडनचं आहे! वसंताचं! मी भाषणात काय बोलणार आहे माहितीये तुम्हाला? आणि हा नारळाचा चौकोन कशाला केलात?"

"नारळ मी नाय ठेवलाय," चाचा दुखावून म्हणाले. "तो तुमच्यापैकी कोण ठेवील म्हणून जागा सोडलीय. माझा हिशेब साफ असतो."

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चाचाही कमी नव्हते. मी म्हणाले, बाई जाळायचा सण तुम्हाला कशाला मिरवायला हवा, तर ते म्हणाले, आमच्या गावात कोण बाई जाळीत नाय, ढोल वाजवतात, पालखी नाचवतात, तुझ्या गावाचं तू बघ. इतक्यात बाईंचे मित्र आले, चार-पाच स्वीडिश लोक, सगळ्यांच्या डोक्यावर पुढे काळी झडप असलेल्या पांढऱ्या टोप्या. शाळा संपताना मिळालेल्या टोप्या या दिवशी बाहेर काढायची त्यांच्याकडे रीत आहे. कोणाची पिवळी पडलेली, कोणाची आता डोक्यात बसत नसलेली. आमचं भांडण त्यांना काहीतरी प्रथा वाटली असावी. ते टोप्या सावरून आदराने बघत उभे राहिले.

आईने माझ्या कोपराला हात लावला. "हे पोलीस होत का?"

"नाही गं, पाहुणे आहेत."

"बरं." तिने पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवलेली आपली पिशवी उचलली. आदल्या दिवशी मुद्दाम इस्त्री करून घेतलेलं निळं लुगडं नेसली होती ती. "चाल मंग. गाडी काढ."

"काय?"

"होळीवानी दिसलं तं परत फिराचं, असं ठरलं ना? होळीच हाय हे. मले कळत नाही का? चाल."

ती चालायलाही लागली. शब्द दिला होता, संपलं. तिच्या जागी मी असते तर शंभर पळवाटा काढल्या असत्या. तिने एकही काढली नाही, आगीच्या ढिगाकडे वळूनही पाहिलं नाही. मी किल्ली हातात घेऊन तशीच उभी. आठवड्याच्या शेवटी विमान. गावी परत गेल्यावर अशी आग कोणी पेटवणार नव्हतं, आणि तिथे जी होळी पेटते ती तिने आता बघितली नसती. मला स्वतःचाच इतका राग आला की तो काढायला पुन्हा चाचांकडेच वळणार होते.

तेवढ्यात बाई आल्या. हातात जाड कातडी हातमोज्यांचा गठ्ठा. ढिगाकडे बघितलं, माळेकडे बघितलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, "फार सुंदर. आता हा सगळा इथून काढून तिकडे न्यायचा."

मी चाचांना भाषांतर करून सांगितलं. चाचांचा विश्वास बसेना. "पोरी, नीट इचार. दोन आठवडे झाले रचून!"

"म्हणूनच," मी हे सांगताच बाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे नियम आहे. ढीग आधीपासून रचून ठेवला असेल तर त्यात कोणीतरी राहायला आलेलं असतं. काटेरी पाठीचा, घाबरला की चेंडू होणारा एक छोटा प्राणी तिकडे बागांतून हिंडतो, त्याला असे ढीग फार आवडतात. म्हणून पेटवायच्या दिवशी ढीग हाताने उचलायचा, एकेक फांदी, आणि शेजारी नव्याने रचायचा. न हलवता काडी लावली तर बाईंच्या आईने म्हणे त्यांना जेवू घातलं नसतं.

"बाई, ह्या ओमान हाय," चाचा म्हणाले. "इथे कोण राहाणार त्याच्यात? एसी नाय काय नाय."

पण मी ऐकतच नव्हते. माझ्या डोक्यात दिवा पेटला होता. ढीग उचलायचा! दुसरीकडे रचायचा! खोडाशिवाय, माळेशिवाय, नुसता ढीग! मी धावत आईच्या मागे गेले. "आई, थांब! हा ढीग मोडायचाय! नवा करायचाय! नवा होळीचा नसेल!"

आई थांबली. तिने ढिगाकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या मोज्यांकडे पाहिलं. पिशवी परत कठड्यावर ठेवली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि सरळ झावळ्यांना हात घातला.

मी तिचा हात धरला. "तू नाही वाहायचं. तू पाहुणी आहेस. खूप वाहिलंस आयुष्यात. मी आहे ना."

"सोड," आई म्हणाली. "तिथं वाह्यलं की हाकलत होते. इथं हाकलणार हाय का कोणी?"

"नाही."

"मंग वाहू दे. आन् पाणीवाल्या बाईले सांग, वाह्यलं तं पेटवीनबी मीच."

पत्रकाची पहिली ओळ! मागणी, आणि तीही अशी की दुरुस्तीला जागा नाही. मी बाईंना इंग्रजीत सांगताना माझा आवाज चढला होता. बाईंनी आईकडे बघितलं आणि मोज्यांची सगळ्यात चांगली जोडी काढून तिच्या हातात दिली.

आयुष्यात इतक्या आनंदाने मी हमाली केलेली नाही. खजुराच्या झावळीच्या बुडाला सुईसारखे काटे असतात, मोज्यांतूनही टोचतात. घाम डोळ्यांत, रेती दातांत, समोर समुद्राकडून येणारा वारा गरम भाकरीवरून फिरून आल्यासारखा. पांढऱ्या टोप्यावाले गृहस्थ हसत होते, धापा टाकत होते, टोप्या मात्र काढत नव्हते. आईने थोड्याच वेळात सगळ्यांना ओळीत उभं केलं. झावळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, धावाधाव नाही. "ओ चाचा, बुडाकून धरा ना. असं काय बायकोले भेल्यावानी करता?"

चाचा माझ्याकडे वाकले. "काय भाषा बोलते गो तुझी आई?"

"मराठी."

"आन मी?"

"तुम्हीही मराठीच."

"यल्ला, चला," चाचा म्हणाले आणि झावळी बुडाकडून धरली.

जुना ढीग गुडघ्याएवढा राहिला तेव्हा बाई किंचाळल्या. घाबरून नाही. लॉटरी लागलेला माणूस किंचाळतो तसं. खोडाच्या बुंध्याशी पाचोळ्याची वाटी होती, वाटीत काट्यांचा एक चेंडू, आणि चेंडूच्या पोटाशी चिकटलेली बोटाएवढी पिल्लं.

"साळू!" आई म्हणाली. "लेकरं घातले साळूनं."

"कुनफुद," चाचा म्हणाले, इथल्या लोकांचा शब्द. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "बाळंतीण हाय. या अल्ला. आन आम्ही काडी लावणार होतो."

मी तिथे गुडघे टेकून बसले. दोन आठवड्यांत कोणाच्याही नकळत त्या ढिगात एक घर झालं होतं, आणि ते घर बायका-मुलांसकट पेटणार होतं. आणि मी भाषण घेऊन आले होते! त्या ढिगासमोर उभं राहून मी स्त्रीला जाळण्याविरुद्ध टाळ्या घेणार होते! मला हसू आलं ते थांबेना. चाचांनाही आलं. आम्ही दोघं मघाशी एकमेकांच्या गावांचा उद्धार केलेले लोक, एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होतो.

बाईंनी दोन्ही हात पसरून, पोहणाऱ्यांना अडवतात तसं सगळ्यांना अडवलं. उरलेल्या झावळ्यांना हात लावायचा नाही. एक आडवी झावळी वरून सावलीला टाकली, बस. खोड तसंच उभं राहिलं, झेंडूची माळ वाऱ्यावर हलत.

"माझा झाड तरी वाचला," चाचा म्हणाले.

नवा ढीग मोकळ्या रेतीत, बराच लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला झाला होता. वाकडा, बुटका, कशासारखाच न दिसणारा. मला तो फार देखणा वाटला. सूर्य डोंगरांमागे उतरायला लागला होता आणि टँकरवाला नळी हातात धरून तयार होता. टोप्यावाल्यांनी गाणी म्हटली. बर्फ वितळतो, ओढे वाहू लागतात, असा त्यांचा अर्थ बाईंनी मला कानात सांगितला. बर्फाचं गाणं म्हणताना एका गृहस्थांच्या नाकावरून घामाचा थेंब टपटप गळत होता, आणि तरी ते डोळे मिटून, मनापासून, जणू त्यांच्या पायाशी खरंच ओढा सुटलाय असं गात होते. मला चिडवायचं सुचलं नाही. माणसं आपला ऋतू बरोबर घेऊन हिंडतात, त्याला कोण काय करणार.

मग माझं भाषण. मी पिशवीतून कागद काढले, चांगला जाडसर गठ्ठा. घसा साफ केला.

"आटप वो," आई म्हणाली. काड्यापेटी तिच्या हातात होती. "दिवस बुडून रायला."

मी कागदांकडे बघितलं. मग समोर बघितलं. कागद खाली घेतले.

"या आगीत कोणतीही बाई जळणार नाही," मी म्हणाले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. "राक्षसीण नाही, चेटकीण नाही, आणि काटे असलेली एक आई तिच्या पिल्लांसकट जळायची होती, तीही नाही. आणि ही आग ती पेटवणार, जिने लाकडं वाहिली."

टाळ्या पडल्या. इतक्या कमी शब्दांना इतक्या टाळ्या मला अमरावतीत कधी मिळाल्या नाहीत. चाचांनी शिट्टीही मारली.

आई पुढे झाली. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरीही. ती वाकलेल्या अवस्थेतच मागे हात करून म्हणाली, "थे कागद दे."

"आई, माझं भाषण आहे ते!"

"झालं ना बोलून? दे."

दिले. तिने एकेक पान चुरगाळून झावळ्यांखाली सारलं, अंगाचा आडोसा केला आणि तिसरी काडी ओढली. माझा दुसरा परिच्छेद आधी पेटला.

झावळ्या हळूहळू पेटत नाहीत. आधी नुसता धूर आला, मग आतून कोणीतरी पत्र्यावर मुठीने वाळू फेकावी तसा आवाज, आणि मग एकदम, एका श्वासात, सगळा ढीग उभा राहिला. आकाश अजून गुलाबी होतं आणि त्याच्यापुढे ही नारिंगी भिंत. ठिणग्या वर जात होत्या. आम्ही सगळे ओरडत मागे पळालो, टोप्यावाले, चाचा, बाई, मी.

आई पळाली नाही. ती दोन पावलं मागे आली आणि तिथेच उभी राहिली. निळं लुगडं त्या उजेडात कुठल्यातरी वेगळ्याच रंगाचं झालं होतं. माझ्यासमोर तिची पाठ होती, आणि पाठीच्या पलीकडे आग. उजेड पडलेली पाठ. मी पुढे जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले तेव्हा तिच्या गालांवरून घाम वाहत होता आणि ती तोंड उघडं ठेवून बघत होती.

तिने कमरेतून फोन काढला. गावी तिची मोठी बहीण आहे, आई तिलाही बाईच म्हणते, तुरीच्या काड्या वाहताना बरोबर असायची ती. इथून कॉल नीट लागत नाहीत, म्हणून आई व्हिडिओ काढून पाठवते. फोन आगीकडे धरून ती जोरात बोलायला लागली. "बाई, पाह्य! मी लावली. मीच! पाह्य कुठं उभी हाओ. माह्या म्होरं कोणी नाही. मांगं हायेत सगळे." मग फोन मागे फिरवला. त्यात चाचा हात हलवताना, टोप्यावाले आणि डोळे पुसणाऱ्या बाई आल्या. धूर गेला असेल डोळ्यांत. होता बराच धूर.

झावळ्यांची आग फार टिकत नाही. ज्वाळा कमरेएवढ्या झाल्या तोवर मावशीचं उत्तर आलं. आईने ते मोठ्याने लावलं. मावशी घाबरून ओरडत होती. "अवं मांगं सर ना! लुगडं पेटन! पागल झाली का तू? मांगं सर!"

"बरोबर सांगते ती," चाचा लांबून म्हणाले. "मागं या ताई."

बाईही दोन्ही हातांनी मागे बोलावत होत्या. मी आईचा दंड धरला. "आई, खरंच खूप तापतंय. मागे ये."

आई आमच्या सगळ्यांकडे वळून बघायला लागली, आणि मग जी हसली ती पोट धरून, वाकून, लुगड्याला चिकटलेली रेती झाडत. "पाह्य," ती म्हणाली, "आताबी मांगंच बोलावतेत मले!"

आणि ज्वाळा आणखी जराशी खाली बसली, तशी ती माझा हात सोडवून एक पाऊल पुढे गेली.